द्वेषाला उत्तर द्यावे. द्वेषाचा प्रसार करू नये

हिंगोली : (प्रतिनिधी)

एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी किंवा व्यक्तीविषयी विष ओकणारा मजकूर मोबाईलवर येतो, तेव्हा सज्जन माणसाला संताप येणे स्वाभाविक आहे. त्या संतापाच्या भरात तो मजकूर तो आणखी दहा जणांना पाठवितो आणि खाली लिहितो, 'पाहा, काय चालले आहे!' हेतू निषेधाचा असतो, परिणाम मात्र प्रसाराचा होतो. ज्यांच्यापर्यंत तो मजकूर कधीच पोचला नसता, त्यांच्या हाती तो एका भल्या माणसाकडून पडतो. द्वेष पसरविणाऱ्याला हवे असते तेही नेमके हेच.

मग गप्प बसावे काय? तसेही नाही. मौनामुळेही माणसे मेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. उत्तर केव्हा द्यावे, कोणत्या शब्दांत द्यावे, तक्रार कोठे करावी आणि दुर्लक्ष केव्हा करावे, याची माहिती वाचकांसाठी येथे एकत्र दिली आहे.

हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती. जिल्हा लहान, बाजाराची गावे मोजकी आणि माणसे एकमेकांना ओळखणारी. महानगरात एखादी शिवी गर्दीत हरवून जाते. लहान गावात ती कोणी, कोणाला दिली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते आणि दुसऱ्या दिवशी ते दोघे त्याच एस. टी. स्थानकावर, त्याच कृषी सेवा केंद्रात समोरासमोर येतात.

राईनपाड्याचा धडा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील होते आणि भिक्षेसाठी फिरत तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. अनोळखी पोशाख आणि अनोळखी बोली एवढाच त्या पाच जणांविरुद्धचा 'पुरावा' होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून त्यांना मारहाण करण्यात आली.

त्या वर्षी देशभर अशा अफवांबरोबर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातील कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी ती बनविली होती. शेवटचा, खुलासा करणारा भाग कापून ती भारतात फिरविण्यात आली. मृत बालकांची काही छायाचित्रे तर २०१३ मध्ये सीरियात झालेल्या विषारी वायुहल्ल्यातील होती. ही चित्रे पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कोणाला मारण्याचा विचारही नसावा. 'आपल्या मुलांची काळजी घ्या' एवढेच त्यांना सांगायचे असावे. मात्र काळजीच्या त्या निरोपातून परक्या माणसाविषयीचा संशय घरोघरी पोचला.

त्याच दिवशी मालेगावातही जमावाने मुले पळविणारे समजून पाच जणांना घेरले होते. त्यांत एक लहान मूलही होते. तेथे पोलिस वेळेत पोचले, त्यांनी जमावाला अंगावर घेतले आणि पाचही जण वाचले. अफवा एकाच प्रकारची होती आणि दिवसही एकच होता. फरक पडला तो वेळेवर मधे उभे राहणाऱ्यांमुळे.

वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, नंदीवाले, डवरी गोसावी अशा फिरस्त्यांची वाट मराठवाड्यातूनही जाते. अशी अफवा उठली, की तिची पहिली झळ ज्यांचे गावात घर नाही आणि ओळख देणारा कोणी नाही अशांनाच बसते.

संतापातून प्रसार कसा होतो

समाजमाध्यमांची यंत्रणा मजकुराचा चांगुलपणा मोजत नाही. किती लोक थांबले, किती जणांनी खाली काही लिहिले, किती जणांनी पुढे पाठविले, हे ती प्रामुख्याने मोजते. विरोधात लिहिलेली ओळही तिच्या हिशेबी 'प्रतिसाद' असते. फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये उघड झाली. २०१७ पासून काही काळ 'संतप्त चेहऱ्या'सारख्या खुणांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते, हे त्यांतून कळले. पुढे हे वजन कमी करत २०२० मध्ये संतापाच्या खुणेचे वजन शून्यावर आणण्यात आले. मधल्या काळात मात्र रागावलेल्या माणसाचा प्रत्येक स्पर्श त्या मजकुराला वर ढकलत होता.

अमेरिकेतील 'एमआयटी'च्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले आणि हे काम मुख्यतः यंत्रांचे नसून माणसांचे होते.

मानसशास्त्राचाही एक जुना निष्कर्ष येथे लागू पडतो. तेच विधान पुन्हा पुन्हा कानांवर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ मधील प्रयोगात दिसून आले होते. त्यामुळे 'अमुक समाज मुले पळवितो, हे खोटे आहे' असे वाक्य दहा वेळा ऐकणाऱ्याच्या मनात काही दिवसांनी शेवटचे तीन शब्द विरतात आणि पहिले चार तेवढे उरतात.

दडपण्याच्या प्रयत्नातूनही प्रसिद्धीच होऊ शकते. अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३ मध्ये आपल्या घराचे एक छायाचित्र संकेतस्थळावरून काढून टाकावे यासाठी दावा लावला. दाव्यापूर्वी ते छायाचित्र अवघ्या सहा वेळा उतरवून घेतले गेले होते आणि त्यांपैकी दोन वेळा तर त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोक त्या संकेतस्थळावर गेले.

आधी चार प्रश्न

असा मजकूर समोर आल्यावर बोट लावण्यापूर्वी पुढील चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला, तो किती जणांपर्यंत पोचला आहे? एखाद्या निनावी खात्यावर पाच-दहा जणांनीच पाहिलेल्या शिवराळ मजकुराला उत्तर देणे म्हणजे त्याला व्यासपीठ देणे होय. येथे कंपनीकडे तक्रार करावी, खाते रोखावे आणि पुढे जावे. तोच मजकूर गावातील बहुतेक गटांत फिरून चहाच्या टपरीवरील चर्चेत आला असेल, तर मात्र मौन घातक ठरते.

दुसरा, त्यात कोणाच्या जिवाला धोका आहे काय? धमकी, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, गाडीचा क्रमांक किंवा 'अमुक ठिकाणी जमा' असे आवाहन असेल, तर हे प्रकरण वादविवादाचे नाही. पोलिसांना तत्काळ कळवावे. आणीबाणीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

तिसरा, लिहिणारा ओळखीचा आहे काय? भाऊबंद, वर्गमित्र किंवा सहकारी यांनी असे काही पाठविले, तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा केल्याने ते अधिक हट्टाला पेटतात. त्यांना स्वतंत्रपणे फोन करावा. 'दादा, हे खरे नाही. मी चौकशी केली आहे, तेवढे काढून टाका' हे वाक्य गटातील पन्नास संदेशांपेक्षा अधिक काम करते.

चौथा, हा द्वेष आहे की टीका? राजकीय पक्ष, सरकार, नेता किंवा एखादी रूढी यांवर कठोर शब्दांत केलेली टीका म्हणजे द्वेष नव्हे. जन्माने मिळालेल्या ओळखीवरून माणसांना हीन, धोकादायक किंवा हाकलून देण्यायोग्य ठरविणे म्हणजे द्वेष. ही रेषा पुसली गेली, तर द्वेषाविरुद्धचे हत्यार टीकाकारांवरच उगारले जाते.

उत्तर कसे लिहावे

उत्तर द्यायचेच ठरले, तर पहिले वाक्य सत्याचे असावे. 'मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा' असा मथळा देण्याऐवजी 'तालुक्यात मूल पळविल्याची एकही नोंद नाही : पोलिस' असा द्यावा. अर्थात तसे पोलिसांकडून विचारून घेतल्यावरच. मधे गरज असल्यास खोट्या दाव्याचा एका वाक्यात, चव न लावता उल्लेख करावा आणि शेवटी पुन्हा सत्य सांगावे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आहे.

मूळ मजकुराचे छायाचित्र जोडू नये, त्याचा दुवा देऊ नये आणि लिहिणाऱ्याचे नाव मिरवू नये. पुरावा म्हणून दाखविणे आवश्यकच असेल, तर चित्रावर मोठ्या अक्षरांत 'खोटे' असे आडवे लिहावे, म्हणजे ते कापून पुन्हा वापरता येत नाही. त्या समाजाच्या जिव्हारी लागणारी शिवी टिंबे देऊनही पुन्हा लिहू नये, कारण वाचणारा ती मनात पूर्ण करतोच.

उत्तर देताना दुसऱ्या समाजाचे दोष काढण्याचा मोह टाळावा. त्यातून वाद संपत नाही, दोन द्वेष तेवढे उभे राहतात. शिवाय उत्तर मूळ लेखकासाठी लिहायचे नसते. त्याचे मतपरिवर्तन क्वचितच होते. काठावर बसून, काही न लिहिता वाचणारे शेकडो जण असतात. उत्तर त्यांच्यासाठी असते आणि म्हणून ते शांत, थोडके व तपासून पाहता येईल असे असावे. स्वीडनमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे जर्मनीसह इतर देशांत पसरलेल्या 'मी येथे आहे' या नागरिकांच्या उपक्रमाचे सूत्र हेच आहे. द्वेषाच्या ओळींखाली सभ्य आणि माहितीपूर्ण प्रतिसाद एकत्रितपणे नोंदवायचे, शिवीगाळ करणाऱ्यांशी भांडत बसायचे नाही.

ज्याच्यावर हल्ला झाला, त्याच्याकडे आधी

द्वेषाविरुद्ध लढण्याच्या गडबडीत ज्याच्यावर तो बरसला, तो माणूस एकटा पडतो. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या अपमानाची जाहीर चर्चा करू नये. आधी भेटावे किंवा फोन करावा आणि त्याला काय हवे ते विचारावे. मुलीची किंवा महिलेची बदनामी झाली असेल, तर 'फोन बंद ठेव', 'शिक्षण सोड' असे सल्ले देऊन शिक्षा तिलाच करू नये. तिच्या वतीने पुरावे जमविणे आणि तक्रारीला सोबत जाणे ही मदत अधिक मोलाची असते. घाणेरडे संदेश वाचून त्यांची नोंद ठेवण्याचे काम मैत्रिणीने किंवा भावाने अंगावर घेतले, तरी तिच्यावरचा भार बराच हलका होतो.

गटप्रमुखांसाठी

मोबाईलवरील गट चालविणाऱ्याच्या मनात नेहमी भीती असते, ती दुसऱ्याच्या संदेशाबद्दल आपल्यावर गुन्हा दाखल होण्याची. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात निकाल देताना, सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ गटप्रमुख असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असे स्पष्ट केले. समान हेतू किंवा पूर्वनियोजन असेल, तर गोष्ट वेगळी.

कायद्याने सूट दिली, तरी नैतिक जबाबदारी उरतेच. सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय व्हॉट्सअॅपने गटप्रमुखाला २०२२ मध्ये दिली. केवळ गटप्रमुखच संदेश पाठवू शकेल, अशी व्यवस्था २०१८ पासून आहे. तणावाच्या दिवसांत रात्रीपुरता गट असा बंद ठेवणे हा साधा आणि परिणामकारक उपाय होय. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर याच कंपनीने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण असते. ती दिसली, की सावध व्हावे.

पुरावा आणि तक्रार

मजकूर पुसण्यापूर्वी किंवा कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी पुरावा जतन करावा. पडद्याचे छायाचित्र घेताना तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसले पाहिजे. खात्याचा पूर्ण पत्ता स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा, कारण खात्याचे नाव बदलता येते. ज्या मोबाईलवर तो मजकूर आला, तो जपून ठेवावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी ही तरतूद जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. हा पुरावा पोलिसांना द्यायचा असतो, गटात फिरवायचा नसतो.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. आर्थिक फसवणुकीसाठी असलेला १९३० हा क्रमांक मात्र वेगळा आहे.

पोलिस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. धर्म, वंश, भाषा, जात यांवरून समूहांत शत्रुत्व वाढविणे हा कलम १९६ खाली गुन्हा आहे (पूर्वीचे कलम १५३-अ). शत्रुत्व निर्माण करण्याच्या हेतूने खोटी माहिती किंवा अफवा पसरविणे कलम ३५३ मध्ये येते (पूर्वीचे कलम ५०५). दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून प्रार्थनास्थळी असा गुन्हा घडल्यास ती पाच वर्षांपर्यंत जाते. जात, समाज, भाषा यांसारख्या कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम १०३ मध्ये प्रथमच स्वतंत्र तरतूद आली. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा जाहीर अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. झुंडबळींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश दिला होता. आपल्या जिल्ह्यात हा अधिकारी कोण, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

कायद्याचा अतिरेकही तितकाच घातक असतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी तरुणी आणि त्याला पसंती देणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली. त्या ओळींत द्वेष नव्हता. अटकेमुळे मात्र त्या जगभर पोचल्या. पुढे गुन्हा मागे घेण्यात आला. अशा अटकांचा आधार असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले.

रस्त्यावर उतरल्याने काय होते

जून २०१४ मध्ये महापुरुषांची विटंबना करणाऱ्या मजकुरावरून पुण्यात तणाव पसरला आणि २ जूनच्या रात्री हडपसर येथे सोलापूरचा एक तरुण संगणक व्यावसायिक जमावाच्या मारहाणीत मरण पावला. त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. या खटल्यातील आरोपींची जानेवारी २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या मोबाईलवरील मजकुरामुळे कोल्हापुरात बंद, दगडफेक व लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत असाच प्रकार होऊन एकाचा जीव गेला. ते मजकूर येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. तिन्ही ठिकाणी लिहिणारे मोजके होते आणि किंमत त्यांच्याशी संबंध नसलेल्यांनी मोजली.

वृत्तपत्रांनाही हाच नियम लागू आहे. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी मशिदींवर हल्ला झाला, तेव्हा मारेकऱ्याने त्याचे थेट प्रक्षेपण केले. फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढल्या किंवा रोखल्या. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव उच्चारण्यास नकार दिला आणि मृतांची नावे घ्या, असे आवाहन केले. तेथील प्रमुख वृत्तसंस्थांनीही खटल्याचे वार्तांकन करताना त्याच्या विचारसरणीला प्रसिद्धी न देण्याचे ठरविले.

नरसीचा वारसा

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याच्या नागनाथ मंदिरासमोर कीर्तन करण्यास त्यांना मज्जाव झाला, तेव्हा ते वाद न घालता मंदिरामागे गेले, तेथेच कीर्तन सुरू ठेवले आणि मंदिर त्यांच्याकडे फिरले, असे परंपरा सांगते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातील आचरण आजही उपयोगी आहे. नामदेवांनी अपमान करणाऱ्यांची चर्चा केली नाही आणि आपले कामही थांबविले नाही.

गणेशोत्सव, ईद, दसरा, आंबेडकर जयंती अशा दिवसांपूर्वी शांतता समितीच्या बैठका होतात. त्यांत मिरवणुकीच्या मार्गाबरोबर आणखी एक विषय घ्यावा. अफवा उठल्यास दोन्ही समाजांतील कोणी कोणाला फोन करायचा, पोलिसांचा खुलासा कोणत्या गटांवर टाकायचा आणि गावात आलेल्या फिरस्त्यांची नोंद कोणी घ्यायची, हे आधीच ठरलेले असावे. संदेश पसरायला काही मिनिटे पुरतात, माणसे एकत्र यायला तास लागतात. ते फोन क्रमांक तणाव नसताना लिहून ठेवले, तरच वेळेवर सापडतील.